लिंबू दर दसऱ्याला, ऑइल आठवेल तेव्हा

यंदा दसऱ्याला सिन्नरला मामांकडे गेलो होतो. अंगणात सगळ्या गाड्या ओळीने उभ्या. प्रत्येकीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मामेभावाची नवी पांढरी एसयूव्ही सगळ्यांत पुढे. तिच्या शेजारी माझी चौदा वर्षांची डिझेल हॅचबॅक. कॉलेज रोडला एका हातगाडीला घासला होता तो बंपर अजून तसाच.

जेवणं झाली आणि श्रीखंडाची दुसरी वाटी हातात घेऊन मामेभाऊ खुर्चीत रेलला. शेजारच्या एका मुलाला सेकंडहँड गाडी घ्यायची होती, कोणती घेऊ विचारत होता. हा म्हणाला, "कोणतीही घे, फक्त त्या कंपनीची घेऊ नकोस. मी भोगलंय. चौऱ्याण्णव हजार किलोमीटरला इंजिन बसलं. इंजिनच भिकार आहे त्यांचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा नवरा तेवढा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. कारण 'त्या कंपनीची' गाडी समोर अंगणातच हार घालून उभी होती. माझीच. रंग सोडला तर सगळं तेच. २०११ च्या दसऱ्याला आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि या मामेभावाने एकाच शोरूममधून, एकाच सकाळी दोन गाड्या बाहेर काढल्या होत्या. दोन घेताय म्हणून सीट कव्हर फुकट मिळाले, त्यावर मामी अजून बोलतात. माझ्या गाडीचे परवा २,१८,००० किलोमीटर झाले. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, दुरुस्तीसाठी एकदाही उतरवलेलं नाही.

मी तिथे गप्प बसले. सणाच्या दिवशी मामांच्या ओसरीवर त्यांच्याच मुलाचं इंजिन कशाने बसलं ते सांगणं बरं दिसत नाही. म्हणून इथे लिहितेय. (मामेभाऊ हे वाचत नाही. वहिनी वाचतात. वहिनी, नमस्कार.)

कंपनीचं नाव मी घेणार नाही, आणि गंमत अशी की न घेऊनही फारसं बिघडत नाही. २०११ मध्ये पेट्रोल सत्तरीला पोचलं होतं आणि डिझेल चाळीस-पंचेचाळीसला मिळत होतं, त्यामुळे जो तो डिझेल गाडीच्या मागे. तेव्हा बाजारात फियाटचं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं एक डिझेल इंजिन होतं. मारुतीच्या स्विफ्टमध्ये त्याचं नाव डीडीआयएस. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट. फियाटच्या पुंटोमध्ये मल्टिजेट. पुढे शेव्हर्लेच्या सेलमध्येही तेच. मारुतीवाले ते मानेसरला बनवत, फियाट आणि टाटा रांजणगावला. गाड्यांचे शौकीन त्याला चेष्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. आमच्या दोन गाड्या त्याच इंजिनाच्या. बिल्ला कोणता, ते तुम्ही ठरवा.

आता याच इंजिनाबद्दल नाशिकच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. स्विफ्ट म्हटलं की "डोळे झाकून घे". पुंटो म्हटलं की "अरे बापरे, फियाट!" सेकंडहँड बाजारात दोघींच्या किमतीत किती फरक पडायचा ते विकणाऱ्यांना विचारावं. बॉनेटखाली मात्र तेच लोखंड.

मामेभावाचं म्हणणं म्हणूनच मला टोचलं. त्याची गाडी कशी चालली ते मी बघितलंय, आणि माझी कशी चालली त्याची तर लेखी नोंद आहे.

नोंद म्हणजे अण्णांची वही. अण्णा मायकोत होते. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण नाशकात आजही मायको सर्कलच म्हणतात आणि निवृत्त माणसंही "मी मायकोतला" असंच सांगतात. डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलवर त्यांनी हयात काढली. नोझलच्या आतली सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. हे त्यांनी मला लहानपणी माझाच एक केस उपटून समजावलं होतं. त्या फटीत मातीचा कण किंवा पाण्याचा थेंब गेला की काय होतं, हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या पत्रिकांपेक्षा जास्त माहीत.

त्यामुळे पावसाळ्यात दर महिन्याला, रविवारी सकाळी, गोविंदनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कार्यक्रम व्हायचा. अण्णा बॉनेट उघडायचे. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करायचे आणि खाली खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी धरायचे. आधी काहीतरी गढूळ यायचं, मग स्वच्छ डिझेल. शिशी उन्हात धरून बघायचे. पाणी जड, ते खाली बसतं, डिझेल वर. मधली रेघ स्पष्ट दिसायची. मग ती शिशी सोसायटीच्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना दाखवायची. आई वरून, गॅलरीतून म्हणायची, "झालं का तीर्थ वाटून?"

वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रकाने पट्टीने आखलेले: तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठे, किती रुपये, शेरा. त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देते.

"१४-८-१३. ३१,२१०. फिल्टरचं पाणी काढलं. पाव शिशी. पेट्रोल पंप बदलणे."

"२-११-१४. ४७,८५०. पुढचं डावं टायर आतून खातंय. अलाइनमेंट. खड्डा कुठे लागला ते हिला आठवत नाही म्हणे."

"९-१-१५. ५०,४००. सकाळी स्टार्टिंगला जड. निफाडला पारा खाली. बॅटरी तपासली, टर्मिनलवर पांढरं साचलेलं, गरम पाण्याने धुतलं, व्हॅसलीन."

आणि शेऱ्याच्या रकान्यात निदान सात ठिकाणी: "हिने क्लचवर पाय ठेवून चालवू नये. सांगितलं. पुन्हा सांगणे."

'ही' म्हणजे मी. क्लच प्लेट ८८ हजार किलोमीटरला बदलावी लागली. त्या ओळीत शेरा कोरा आहे. तो कोरा रकाना बघून आजही मला ओशाळायला होतं.

या वहीत ऑइल बदलल्याच्या नोंदी लाल पेनाने आहेत आणि दोन नोंदींमध्ये कधीही दहा हजार किलोमीटरच्या वर अंतर नाही. बहुतेकदा आठ. वर्षभरात तेवढी गाडी चाललीच नाही, तरी बारा महिने झाले की बदली. मी एकदा भांडले होते की कंपनीच दहा हजार म्हणते, तुम्ही आठला का करता? अण्णा म्हणाले, "कंपनीने जर्मनीचा रस्ता धरलाय की द्वारका, ते मला माहीत नाही." नाशिकच्या द्वारका चौकातला सिग्नल ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. अर्धा तास गाडी जागेवर, मीटर पुढे सरकत नाही, इंजिन मात्र चालूच.

आता मामेभावाकडे येते.

त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. सिन्नर ते संगमनेर, कधी मंचर, कधी पुणे, अशी रोजची पळापळ. गाडी भरपूर चालायची, आणि हायवेवर चालणारी गाडी खरं तर सुखी असते. पहिल्या तीन फुकट सर्व्हिसिंग त्याने वेळेवर केल्या, कारण फुकट होत्या. चौथीपासून "बघू दिवाळीनंतर". दिवाळीनंतर द्राक्षांचा सीझन, मग लग्नसराई, मग पेरण्या. ठिबकवाल्याचं कॅलेंडर मला माहीत आहे, त्यात गाडीसाठी रकाना नाही. एकदा मी त्याच्या गाडीत बसले तेव्हा समोर काचेवर ऑइल बदलल्याचा स्टिकर होता. त्यावरचा आकडा आणि मीटरचा आकडा यांच्यात बावीस हजारांचा फरक. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "चालतीये ना गाडी?"

हे तीन शब्द मी नाशिक जिल्ह्यात इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलेत!

या इंजिनात तेल मावतं जेमतेम तीन लिटर. तेवढ्या तेलाने पिस्टनपासून टर्बोपर्यंत सगळं सांभाळायचं. टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, चकती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवायला, बेल्ट नाही, साखळी आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात: साखळी काय, जन्मभर टिकते. पण ती साखळी ताणून धरणारा जो टेन्शनर आहे तो तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी झालं, घट्ट झालं की दाब कमी होतो, साखळी सैल होते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. मामेभावाच्या गाडीला हा आवाज वर्षभर येत होता. तो म्हणायचा, डिझेल आहे, आवाज करणारच.

मग चंदनापुरी घाटात लाल दिवा लागायला लागला. तेलाच्या झारीचं चित्र असतं ना, तो. वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर जायचा. त्याने ठरवलं की वायरिंग लूज आहे. प्रत्यक्षात तेल इतकं खाली गेलेलं की वळणावर ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्यात, एका बाजूला सरकायचं आणि पंपाच्या तोंडाशी हवा यायची. त्या क्षणी इंजिन बिनतेलाचं चालत होतं. डिपस्टिक, म्हणजे तेलाची काडी, काढून बघायला अर्धा मिनिट लागतो. बॉनेटवर दर दसऱ्याला स्वस्तिक काढणाऱ्या माणसाने तेच बॉनेट स्वतःच्या हाताने किती वेळा उघडलं असेल, हे मी वहिनींवर सोडते.

नांदूर शिंगोट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. टोचन करून नाशिकला आणली, आमच्याच चाचांकडे.

चाचांचं गॅरेज द्वारकाच्या मागच्या बाजूला एका बोळात आहे. बोर्डही नाही. अण्णा त्यांच्याकडे जायचे कारण चाचा काम करताना मालकाला बाजूला उभं राहू देतात. मला पहिल्यांदा एकटीला बघून त्यांनीही विचारलं होतं, "साहेब येणार आहेत का?" माझ्या साहेबांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही, हे समजल्यावर चाचांनी दोन मिनिटं विचार केला आणि माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. ते स्टूल आता माझंच आहे.

त्या दिवशी चाचांनी मामेभावाच्या इंजिनचं चेंबर खाली घेतलं तेव्हा मी तिथेच होते. तेल सांडायला हवं होतं. सांडलं नाही. बोटाने खरवडून काढावं लागलं. जळलेल्या शिऱ्यासारखं काळं, गुठळ्या झालेलं. चाचांनी त्याचा बोटभर गोळा वर्तमानपत्रावर ठेवला आणि मामेभावापुढे सरकवला. काही बोलले नाहीत. टर्बो गेलेला, बेअरिंगं क्रँकला चिकटलेली, साखळी लोंबकळलेली. अंदाज पंच्याऐंशी हजारांचा. मामेभावाने गाडी आहे तशी विकून टाकली आणि घरी जाऊन सांगितलं की कंपनी भिकार आहे.

चाचांची एक सवय मला आवडते. टोचनवर आलेल्या गाडीचं ते आधी बॉनेट उघडतात, तेलाची काडी ओढतात, कूलंटच्या डब्यात टॉर्च मारतात, आणि मगच मालकाशी बोलतात. कोणती कंपनी, किती मॉडेल, हे सगळं नंतर.

आता एवढं सगळं लिहून मी स्वतःला शहाणी ठरवतेय असं वाटत असेल, तर वहीतलं २०१८ चं पान सांगते. अण्णा २०१७ च्या डिसेंबरात गेले. वही माझ्याकडे आली, गाडीही आली. एप्रिलमध्ये कूलंट कमी होताना दिसलं. कुठेतरी रबरी होज पाझरत होता. मी काय केलं? स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. बोअरिंगचं, ज्याने आमच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ते. असं तीन आठवडे. कूलंट म्हणजे नुसतं हिरवं-गुलाबी पाणी, अशी माझी समजूत. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदू वर नेतं, बाकीची रसायनं गंज धरू देत नाहीत, हे अण्णांनी शंभरदा सांगितलेलं मी शंभरदा ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात दुपारी मुंबईहून येताना कसारा घाट चढत होते. एसी फुल, मागे बायकांची गाणी. अर्ध्यावर तापमानाचा काटा वर सरकला. मला दिसला. आणि खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो हाच की एवढा घाट चढून घेऊ, वर इगतपुरीला थांबू. मामेभाऊ आणि मी एकाच आजीची नातवंडं!

थांबले, कारण अण्णांचा शेरा डोळ्यांसमोर आला. कोणता ते आठवत नाही, अक्षर आठवलं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पदर गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मागे थांबलेल्या कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर तिथूनच ओरडला, "ओ ताई, हात काढा! तोंड भाजेल!" पाऊण तास आम्ही तिथे बसलो. मैत्रिणींनी चिवडा संपवला. हेड वाचलं. होज, थर्मोस्टॅट, रेडिएटरची सफाई आणि नवीन कूलंट मिळून ७,४०० रुपये लागले. वहीत माझ्या अक्षरातली ती पहिली मोठी नोंद. शेऱ्याच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिलाय, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्या पाऊण तासात गाडी कुठल्या कंपनीची आहे याने काडीचा फरक पडला नसता.

पण मग कंपनीचा काहीच हात नसतो का? असतो, आणि तो नाकारणारे लोकही मला पटत नाहीत. काही दोष गाडीसोबत शोरूममधूनच येतात. तिथे तुम्ही रोज आरती केलीत तरी उपयोग नाही. फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जगभर गाजला तो अशाच कारणाने. २०१३ मध्ये एकट्या चीनमध्ये त्यासाठी पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या मालकांनी कितीही वह्या लिहिल्या असत्या तरी काय होणार होतं?

आणि उलटंही होतं. टोयोटा म्हणजे भरवशाचं दुसरं नाव, क्वालिस आणि इनोव्हा बघितलेल्या आपल्या लोकांना तर ते सांगायलाच नको. पण अमेरिकेत १९९७ ते २००२ च्या दरम्यानच्या काही टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या इंजिनांत तेलाचा गाळ साचायला लागला. मामेभावाच्या चेंबरात होता तसाच. कंपनी म्हणाली, मालकांनी तेल वेळेवर बदललं नाही. मालक म्हणाले, बदललंय. बरीच ओढाताण झाल्यावर २००२ मध्ये कंपनीने त्या इंजिनांची जबाबदारी गाडी घेतल्यापासून आठ वर्षांपर्यंत उचलली. मी ही हकीकत वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अण्णांची लाल पेनाची ओळ आली. मी टॅक्सची कामं करते. कागद असलेला माणूस आणि कागद नसलेला माणूस यांच्यातला फरक मी रोज बघते.

तिकडे जे. डी. पॉवर नावाची संस्था दरवर्षी भरवशाच्या गाड्यांची यादी काढते. तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारतात आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, तो आकडा. लेक्सस वारंवार वर असते. या याद्यांचे फोटो आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि मग लोक सांगतात, बघा, अमुक कंपनी शेवटची. पण त्यात फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला जात नाही हीसुद्धा तक्रार धरलेली असते. आणि तीन वर्षं! तीन वर्षांत मामेभावाचीही गाडी झकासच होती की. खरी परीक्षा फुकट सर्व्हिसिंग संपल्यावर सुरू होते.

बिल्ल्याचं आणखी एक उदाहरण, हे तर आत्ताआत्ताचं. २०१९ मध्ये टोयोटाची ग्लान्झा आली. मारुतीची बलेनोच ती, मारुतीनेच बनवलेली, पुढे टोयोटाचा बिल्ला. सुरुवातीला बलेनोवर दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटरची वॉरंटी, ग्लान्झावर तीन वर्षं किंवा एक लाख. आमच्या सोसायटीत दोन्ही आहेत, आणि ग्लान्झावाले काका लिफ्टमध्ये सांगतात, "टोयोटाचं इंजिन आहे ना, विषयच नाही." मी मान हलवते. मजला येतो.

मला विचाराल तर आपल्याकडे कंपनीचा भरवसा म्हणजे गाडी किती कमी बिघडते यापेक्षा, बिघडल्यावर सुरगाणा किंवा पेठसारख्या आडबाजूच्या तालुक्यात तिचा पार्ट किती दिवसांत मिळतो, हा असतो. चाचा हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: "पार्ट उद्या आला तर गाडी चांगली, महिन्याने आला तर खराब." शेव्हर्लेने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली. फियाटच्या गाड्या २०१९ मध्ये थांबल्या. फोर्डने २०२१ मध्ये गाशा गुंडाळला. चांगल्या ठेवलेल्या गाड्यांचे मालक एका रात्रीत पोरके झाले. त्यांच्या वह्या चोख असतील, पण हेडलाइट फुटला की शोधाशोध. इथे मात्र कंपनी बघूनच गाडी घ्यावी, हे मीही सांगेन. १.३ वाल्यांचं त्यातल्या त्यात नशीब, इंजिनाचे बरेच पार्ट इकडचे तिकडे चालतात. मारुतीनेही २०२० मध्ये डिझेल सोडलं, तरी चाचांच्या फळीवर त्याचे फिल्टर अजून ओळीने लावलेले असतात.

सर्व्हिस सेंटरबद्दल एक सांगून टाकते, नाव विचारू नका. अण्णांच्या पश्चात एकदा मी गाडी एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या, कॉफी देणाऱ्या ठिकाणी टाकली. जायच्या आधी एअर फिल्टरच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. मरून रंगाचा. संध्याकाळी बिल आलं: एअर फिल्टर बदलला, इंजिनची आतून सफाई केली, एसी निर्जंतुक केला. घरी येऊन क्लिपा उघडल्या तर माझा ठिपका माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी फिल्टर हातात घेऊन गेले. मॅनेजरने तो उलटसुलट केला आणि विचारलं, "मॅडम, हा ठिपका कशाचा?" मी हात पुढे करून नखं दाखवली. पैसे परत मिळाले. तेव्हापासून मी त्या वाटेला गेले नाही, पण ठिपका लावायची सवय राहिली. चाचांनाही ठाऊक आहे. ते म्हणतात, "ताई, रंग बदला, हा आता दिसत नाही."

पुढच्या दसऱ्याला गाडीला पंधरा वर्षं होतील. आरटीओत फेरनोंदणी करायची, पाच हजार फी, तपासणी, मग पुढची पाच वर्षं. सिंहस्थ २०२७ च्या तोंडावर शहरभर रस्ते खोदलेत, त्यात सस्पेन्शनचे दोन लिंक रॉड आणि एक बुश गेलेच आहेत. ठेवावी की विकावी, या विचारात होते. बोलता बोलता वहिनींना म्हटलंही तसं.

परवा रात्री मामेभावाचा फोन. मुलीला गाडी शिकायची आहे, नव्या एसयूव्हीला हात लावू द्यायची त्याची तयारी नाही.

"ताई, तुझी गाडी काढतेयस म्हणे. बाहेर कुणाला देऊ नकोस, मला दे."

मी म्हटलं, "अरे, ती त्याच कंपनीची आहे. भिकार इंजिन."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असू दे गं. तुझ्याकडची आहे ना." आणि फोन ठेवता ठेवता, "आणि ती अण्णांची वही पण दे सोबत."

मी सांगितलं, वहीची झेरॉक्स मिळेल.